दूध संकलन ॲपसाठी डेटाबेस : प्रकल्प नोंदी (जून ते ऑगस्ट २०२५)

२ जून २०२५, सोमवार

शिराळा तालुक्यातल्या दूध संस्थांचं काम आजपासून हाती घेतलं. सांगली जिल्ह्याचा हा डोंगराकडचा भाग. चांदोलीच्या वाटेवर रेंज कुठे येते आणि कुठे जाते, हे तिथल्या माणसांना पाठ आहे. संस्थेची मागणी सरळ आहे. काट्यावरचं माप आणि ॲनालायझरवरचे फॅट-एसएनएफ (दुधातला स्निग्धांश आणि तो वगळून उरणारे घन पदार्थ) मोबाइलमध्ये यावेत, दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघावी, उत्पादकाच्या हातात तिथल्या तिथे पावती पडावी आणि दहा दिवसांचं बिल तयार मिळावं.

एका संस्थेत साधारण २२० उत्पादक. सकाळ-संध्याकाळ धरून दिवसाला ४४० नोंदी, एका बिलात ४,४००. पहिल्या टप्प्यात २० संस्था. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवलेत. डेटाबेस कुठलाही घेतला तरी त्याचा खर्च याच आकड्यांवरून काढायचा आहे.

आम्ही दोघंच आहोत. मोबाइलचं काम सहकाऱ्याकडे, मागची बाजू माझ्याकडे. रात्री सर्व्हर पडला तर उठून बघायला तिसरं माणूस नाही. शिवाय दूध दिवसातले जेमतेम चार तास येतं, उरलेले वीस तास यंत्रणा रिकामी बसते. त्या रिकाम्या वेळेचं भाडं संस्थांच्या माथी मारायचं नाही. त्यामुळे सर्व्हरलेस हवं, वापराल तेवढेच पैसे, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

४ जून

सकाळच्या संकलनाला संस्थेत जाऊन उभी राहिले. सचिव आप्पा काट्याजवळ, त्यांचा पुतण्या ॲनालायझरजवळ. माणूस येतो, कॅन ओततो, नमुना लागतो, पावती निघते, पुढचा येतो. रांग लागली की एका माणसामागे वीस-पंचवीस सेकंद मिळतात. मध्येच लाइट गेली. इन्व्हर्टरवर काटा चालू राहिला, पण राउटर बंद. पुतण्याने मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघितला, तो लागलाच नाही.

आप्पा म्हणाले, "ताई, रेंज गेली म्हणून दूध थांबवता येत नाही. माणसं कॅन घेऊन उभी असतात. वही आहे म्हणून चाललंय."

माझ्या दृष्टीने या कामाची मुख्य अट हीच. नोंद आधी मोबाइलमध्ये पक्की झाली पाहिजे, क्लाउडमध्ये ती मागाहून जाईल. बाकीच्या गोष्टी, क्वेरीची भाषा कशी आहे, कन्सोल किती छान दिसतो, या सगळ्या त्यानंतर.

दुसरी अट त्यांच्या वहीत दिसली. आकडा चुकला तर ते खोडत नाहीत. आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहितात आणि सही करतात. उत्पादकाच्या पैशाचा प्रश्न आहे. आधी काय होतं आणि कोणी बदललं, हे दोन्ही दिसायला हवं. ॲपमध्येही अगदी हेच हवं आहे.

९ जून

डॉक्युमेंट डेटाबेसच (टेबलाच्या ओळीऐवजी प्रत्येक नोंद स्वतंत्र कागदासारखी ठेवणारा) का, हा सहकाऱ्याचा प्रश्न रास्त होता. बिल, उचल, पशुखाद्याची कपात हा सगळा हिशेब रिलेशनल आहे, त्याला टेबलं आणि जोडण्याच शोभतात. पण संस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आधीच आहे आणि ते बदलायचं नाही. आपल्याकडे येतं ते संकलन. एक नोंद म्हणजे एक पूर्ण कागद: सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, त्या वेळी लागू असलेला दर, रक्कम. दर नोंदीतच लिहून ठेवायचा, दरपत्रकाकडे बोट दाखवायचं नाही. गायीचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर, म्हशीचा ६.० आणि ९.० वर बांधलेला असतो आणि तो मध्येच बदलतो. उद्या दरपत्रक बदललं म्हणून कालच्या पावतीची रक्कम हलता कामा नये.

एक छोटा निर्णय इथेच लिहून ठेवते: रक्कम रुपयांत नाही, पैशांत, पूर्णांकात ठेवायची. फॅट ३.५ असेल तर ३५ लिहायचं. गुगलच्या फायरस्टोअर या डेटाबेसमध्ये ६४ बिटांचा पूर्णांक आणि दशांशासाठी डबल आहे, खास दशांश प्रकार नाही. मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तो आहे. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीत आकडा ३८ अंकांपर्यंत अचूक राहतो. पूर्णांक धरले की हा प्रश्न कुठेच उरत नाही आणि पुढे डेटाबेस बदलावा लागला तरी आकडे तसेच नेता येतात.

११ जून

उमेदवार मांडले: फायरस्टोअर, डायनॅमोडीबी, मोंगोडीबी ॲटलस (मोंगोडीबी क्लाउडमध्ये चालवून देणारी सेवा), मायक्रोसॉफ्टचा कॉसमॉस डीबी. पाचवा काउचडीबी, पण तो मनाला पटतो म्हणून.

काउचडीबीबद्दल थोडं लिहायलाच हवं. दोन ठिकाणी एकाच कागदात बदल झाला तर तो दोन्ही आवृत्त्या जपतो, एकीचा गळा दाबत नाही. शिवाय मोबाइल किंवा ब्राउझरमध्ये पाउचडीबी (त्याच्याशी जुळणारा छोटा डेटाबेस) ठेवला की समक्रमण, म्हणजे दोन्हीकडचा माल आपोआप जुळवणं, ही त्याची जन्मजात सवय. आमच्या कामाला स्वभावाने सर्वांत जवळचा तोच. अडचण एकच, पण मोठी: तो चालवणार कोण? स्वतः सर्व्हर उभा करायचा तर २ जूनचा निर्णय मोडतो.

कॉसमॉस डीबीचं एक आकर्षण घरचं आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा, म्हणजे ॲझूरचा, सेंट्रल इंडिया हा विभाग पुण्यात आहे. हिशेब रिक्वेस्ट युनिटवर चालतो, १ केबीचा कागद त्याच्या किल्लीने (ओळखक्रमांकाने) वाचला की एक युनिट. सर्व्हरलेस प्रकारही आहे. पण मोबाइलवर ऑफलाइन नोंदी जपून नंतर पाठवणारं त्याचं स्वतःचं साधन नाही. ते आम्हाला लिहावं लागेल. इथेच थांबवलं.

१२ जून

आज निवडीची दुसरी बाजू वाचत बसले: ज्या सेवा बंद झाल्या किंवा होणार आहेत त्या.

फॉना हा सर्व्हरलेस डॉक्युमेंट डेटाबेसच होता, तांत्रिकदृष्ट्या देखणा. ३० मे २०२५ ला, म्हणजे दोनच आठवड्यांपूर्वी, त्याची सेवा बंद झाली. मोंगोडीबीने २०१९ मध्ये रेल्म हा मोबाइलमधला डेटाबेस विकत घेतला होता, त्यावर उभं राहिलेलं ॲटलस डिव्हाइस सिंक नेमकं आम्हाला हवं तेच करत होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली, मुदत ३० सप्टेंबर २०२५. ॲटलसचे सर्व्हरलेस इन्स्टन्सही मागे पडून त्यांची जागा फ्लेक्स क्लस्टरने घेतली. त्याआधीचं पार्सचं (मोबाइल ॲपची मागची बाजू सांभाळणारी सेवा) उदाहरण सगळ्या मोबाइलवाल्यांना ठाऊक आहे. फेसबुकने २०१३ मध्ये घेतलं, जानेवारी २०१६ मध्ये बंद करण्याचं जाहीर केलं, वर्षभराची मुदत दिली. जाताना पार्स सर्व्हर मुक्त स्रोत करून गेले, म्हणून अनेकांची ॲप्स वाचली.

मोंगोडीबीची क्वेरीची भाषा मला या सगळ्यांत सर्वांत आवडते. एका कागदाला १६ एमबीची मुभा, ॲग्रिगेशन पाइपलाइनमध्ये (पायरीपायरीने हिशेब करणाऱ्या क्वेरीत) बिल चार पायऱ्यांत निघेल. तरी डिव्हाइस सिंकशिवाय आमच्यासाठी तो कॉसमॉसच्याच रांगेत जातो.

यातून एक गोष्ट नियम म्हणून घेतली. जो डेटाबेस निवडू, त्यातून रोज रात्री सगळा माल साध्या फाइलमध्ये बाहेर निघालाच पाहिजे. तो संस्थेच्या ताब्यात राहील. संस्था कितीतरी वर्षं टिकते, क्लाउडमधली सेवा तेवढी टिकेल असं धरून चालता येत नाही. उत्पादकाची नोंद तिच्यासोबत जाऊ द्यायची नाही.

१६ जून

उरले दोन: फायरस्टोअर आणि डायनॅमोडीबी. दोघांचेही विभाग मुंबईत आहेत. दोघांची पैसे मोजायची रीत मात्र अगदी वेगळी, आणि त्या रीतीवरून कागदाची घडणच बदलते. आजचा दिवस त्यातच गेला आणि सार्थकी लागला.

डायनॅमोडीबी वाचलेल्या मालाचं आकारमान मोजतो. एका क्वेरीत आलेल्या सगळ्या नोंदींची बेरीज करून दर ४ केबीमागे एक युनिट, आणि ताज्या नोंदीचा आग्रह नसेल तर अर्धं. आमची नोंद २०० बाइटच्या आसपास. बिलाच्या ४,४०० नोंदी म्हणजे ८८० केबीच्या घरात. एका पानाची (एका वेळी मिळणाऱ्या उत्तराची) १ एमबीची मर्यादा आहे, त्यात त्या बसतात. ताज्या नोंदीचा आग्रह सोडला तर खर्च साधारण ११० युनिट.

फायरस्टोअर कागद मोजतो. कागद २०० बाइटचा असो की ९०० केबीचा, एक रीड (एक वाचन). तेच बिल उघडलं की ४,४०० रीड. क्वेरीतून काहीच आलं नाही तरी एक रीड लागतोच. रोजचा मोफत कोटा ५०,००० रीड, २०,००० राइट आणि तेवढेच डिलीट. सचिवांनी दिवसातून पाच वेळा चालू बिल उघडलं, संस्था वीस, म्हणजे ४,४०,००० रीड. कोट्याच्या जवळपास नऊपट.

याच रीतीची दुसरी बाजू आमच्या फायद्याची आहे. लहान नोंदी एका मोठ्या कागदात बांधल्या की फायरस्टोअर स्वस्त पडतो. कागदाची कमाल मर्यादा १ एमआयबी (साधारण १ एमबी). एका वेळच्या संकलनाच्या २२० नोंदी ४५ केबीच्या आत मावतात. दहा दिवसांचं बिल म्हणजे असे वीस कागद, वीस रीड.

डायनॅमोडीबीत मात्र लेखनाची अट घालता येते: ही किल्ली आधी नसेल तरच लिही. एका ओळीत दुहेरी नोंद अडते. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. पण त्याच्याकडेही मोबाइलवर ऑफलाइन रांग सांभाळणारं स्वतःचं साधन नाही. मध्ये ॲमेझॉनच्या ॲपसिंकसारखा दुसरा थर आणावा लागतो. दोन माणसांच्या चमूला तो थर झेपेल का, यावर उद्या बोलायचं.

१८ जून

बोललो. झेपणार नाही असं दोघांचंही मत. फायरस्टोअर पुढे.

२५ जून

फायरस्टोअरचं ऑफलाइन वागणं एमुलेटरवर (संगणकावरच्या त्याच्या नकलेवर) आणि दोन जुन्या अँड्रॉइड फोनवर तपासलं. अँड्रॉइड आणि आयओएसवर ऑफलाइन साठवण मुळातच चालू असते, वेबवर ती मुद्दाम चालू करावी लागते. फोनवरच्या साठ्याची ठरलेली मर्यादा १०० एमबी, आम्हाला भरपूर.

फोन विमान मोडवर टाकून नोंदी केल्या. कळलेल्या गोष्टी:

लेखनाचा आदेश दिला की नोंद फोनमध्ये त्याच क्षणी दिसते, पण आदेश "पूर्ण झाला" असा निरोप सर्व्हरने होकार दिल्यावरच येतो. पावती छापण्याचा कोड त्या निरोपाची वाट पाहत थांबला, तर रेंज नसताना पावती निघणारच नाही आणि रांग उभी राहील. म्हणून पावतीने निरोपाची वाट बघायची नाही. नोंदीसोबत "पाठवणं बाकी" ही खूण मिळते, ती पडद्यावर पिवळ्या ठिपक्याने दाखवायची. ठिपका गेला की नोंद क्लाउडमध्ये पोचली.

सर्व्हरची वेळ मागितली तर ती नोंद सर्व्हरवर पोचल्याची वेळ असते. सकाळी ६:४० ला मोजलेलं दूध दुपारी १ वाजता रेंज आल्यावर गेलं, तर वेळ दुपारची पडते. संस्थेच्या दृष्टीने ते सकाळचंच दूध. म्हणून दोन्ही वेळा ठेवायच्या, फोनची आणि सर्व्हरची, आणि शिवाय "सकाळ" किंवा "संध्याकाळ" हे वेगळं लिहायचं. वेळेवरून ते ओळखायच्या भानगडीत पडायचं नाही.

ट्रान्झॅक्शन (वाचणं आणि लिहिणं एकत्रच पक्कं करणारी कृती) ऑफलाइन चालत नाहीत. काट्याजवळच्या कुठल्याही कृतीत ट्रान्झॅक्शन ठेवायचं नाही, हे त्यावरून आपोआप ठरलं.

१ जुलै

आजची नोंद या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची.

दोन फोन ऑफलाइन आहेत आणि दोघांनी एकच कागद बदलला, तर जो बदल सर्व्हरवर शेवटी पोचतो तो टिकतो. आधीचा निमूटपणे पुसला जातो. गप्पांच्या ॲपमध्ये हे चालून जाईल. इथे पुसला जाणारा आकडा म्हणजे कोणाच्या तरी घरची दुधाची रक्कम आहे.

उपाय आप्पांच्या वहीतच होता. नोंद एकदा लिहिली की ती कधीच बदलायची नाही. दुरुस्ती म्हणजे नवा कागद: कुठल्या नोंदीची दुरुस्ती, नवा आकडा, कोणी केली, कशामुळे. जुना कागद जागेवर तसाच. बदल करायचाच नसेल तर शेवटचा बदल कोणाचा, हा वादच उरत नाही. सुरक्षेच्या नियमांतही तेच लिहिलं: नवीन कागद करायला परवानगी, बदलायला आणि पुसायला कोणालाच नाही, सचिवांनाही नाही.

मग कागदाचा क्रमांक कसा द्यायचा? तारीख, वेळ आणि सभासद क्रमांक जोडून किल्ली करावी असं सहकाऱ्याचं म्हणणं, म्हणजे दुहेरी नोंद अडेल. त्यावर बराच वेळ बोललो. एक उत्पादक गायीचं आणि म्हशीचं दूध घालतो. कोणी कॅन संपवून घरी जाऊन दुसरा आणतो. त्याची दुसरी नोंद त्याच किल्लीवर आली की नियम तिला बदल समजणार आणि नाकारणार. आणि ऑफलाइन लिहिलेली नोंद सर्व्हरने नाकारली की फोनवरूनही ती मागे घेतली जाते. पडद्यावर होती, पावती निघाली आणि तासाभराने नाहीशी झाली. हे कुठल्याही परिस्थितीत होता कामा नये. म्हणून किल्ली फोननेच तयार केलेली यादृच्छिक, सोबत फोनचा क्रमांक. दुहेरी नोंदी अडवायच्या नाहीत, सत्र (सकाळचं किंवा संध्याकाळचं एक संकलन) बंद करताना शेजारी शेजारी दाखवायच्या. खरी कुठली ते माणसाने ठरवायचं.

४ जुलै

याच धाग्यातला दुसरा मुद्दा. "सत्र बंद झाल्यावर नोंद घेऊ नये" असा नियम संस्थेने मागितला होता. कागदावर योग्य वाटतो. पण ऑफलाइन नोंदीची तपासणी ती सर्व्हरवर पोचते तेव्हा होते, लिहिली तेव्हा नाही. एका फोनवरून सत्र बंद केलं आणि दुसरा फोन अजून रेंजबाहेर आहे, तर त्यातल्या सगळ्या खऱ्या नोंदी नाकारल्या जातील. एमुलेटरवर करून पाहिलं, तसंच झालं.

आप्पांना फोनवर समजावलं. त्यांनी लगेच मान्य केलं. "उशिरा आलेली घ्या, पण मला दिसू द्या." सत्र बंद झाल्यावर पोचलेल्या नोंदीवर "उशिरा" असा शिक्का बसतो आणि सचिवांच्या पडद्यावर ती वेगळी येते. नाकारली जात नाही.

१० जुलै

सत्रपत्रकाची रचना पूर्ण केली.

संकलन चालू असताना एकेक नोंद एकेक कागद. सत्र बंद केलं की क्लाउड फंक्शन (क्लाउडमध्ये आपोआप चालणारा छोटा कोड) त्या सत्राच्या सगळ्या नोंदी वाचून एक पत्रक बांधतं. पत्रकात नोंदीची किल्ली हेच खणाचं नाव आणि नोंद त्या खणात. हे मुद्दाम केलं. फंक्शनला एकच घटना दोनदा मिळू शकते, क्रमही उलटसुलट होऊ शकतो, तशी हमीच मुळात नाही. बेरजेत भर घालत गेलो असतो तर दोनदा आलेली घटना दोनदा मोजली गेली असती. खणात तीच नोंद पुन्हा ठेवली तर फरक पडत नाही. बेरीज वाचताना करायची.

सुरुवातीपासूनच सगळं थेट पत्रकात लिहावं का, हाही विचार झाला. एकाच कागदावर सतत लिहिताना सेकंदाला एक लेखन हे सबुरीचं प्रमाण धरलं जातं. एका काट्याचा वेग त्यात बसतो. तरी दोन फोनची ऑफलाइन भांडणं पुन्हा त्याच कागदावर आली असती, म्हणून नाही.

फायरस्टोअर प्रत्येक क्षेत्राची (नोंदीतल्या एकेका माहितीची) अनुक्रमणिका, म्हणजे शोधासाठीची सूची, आपणहून बनवतो, चढत्या आणि उतरत्या क्रमाची. पत्रकातल्या २२० खणांत दहा-दहा क्षेत्रं, म्हणजे एका कागदामागे ४,४०० च्या वर अनुक्रमणिकेच्या नोंदी. ४०,००० च्या मर्यादेत हे बसतं, पण कोणी कधी त्यांत शोधणार नाही. साठवण उगाच फुगते आणि लेखन मंदावतं. त्या क्षेत्रसमूहाला अनुक्रमणिकेतून सूट दिली. हे काम माल भरायच्या आधी करायचं.

कोट्याचा हिशेब पुन्हा मांडला. दोन फोन एकमेकांच्या नोंदी ऐकतात (नवी नोंद आली की लगेच उतरवून घेतात), त्याचे दिवसाला १७,६०० रीड. पत्रकं बांधायला ८,८००. बिलं पत्रकांवरून, ती किरकोळ. सगळं मिळून ५०,००० च्या खूप आत. मात्र असा ऐकणारा फोन अर्ध्या तासाहून जास्त वेळ तुटला की पुन्हा जोडल्यावर सगळी क्वेरी नव्याने वाचल्याचे पैसे लागतात. आमच्या भागात हे होणारच. म्हणून फोनने फक्त चालू सत्र ऐकायचं, अख्खं बिल कधीच नाही.

कोट्याचा दिवस अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री बदलतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे १२:३० आणि हिवाळ्यात १:३० वाजलेले असतात. म्हणजे कोट्याच्या एका दिवसात आदल्या संध्याकाळचं आणि दुसऱ्या सकाळचं दूध येतं. वापराचा आलेख बघताना हे ध्यानात ठेवायचं.

१७ जुलै

सुरक्षेचे नियम. एका संस्थेला दुसरीचं काही दिसता कामा नये. नियमांमधून दुसरा कागद वाचून तपासलं तर त्या वाचनाचेही पैसे पडतात, म्हणून संस्थेचा क्रमांक लॉगिनच्या टोकनमध्येच (लॉगिन झाल्यावर मिळणाऱ्या डिजिटल ओळखपत्रात) घातला. सगळे नियम एमुलेटरवर चाचण्या लिहून तपासलेत. चाचण्या पास झाल्याशिवाय नियम वर चढवायचे नाहीत, हे दोघांनी ठरवलंय.

सभासदांचे बँक खाते क्रमांक आम्ही घेतच नाही. ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, तिथेच राहू देत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि तो नसता तरी गरज नसलेली माहिती गोळा करायला माझी तयारी नाही.

विभाग मुंबई. एकदा निवडला की बदलता येत नाही, म्हणून बटण दाबण्याआधी दोघांनी मिळून पाहिलं.

२८ जुलै

उद्या नागपंचमी. शिराळ्यात मोठी गर्दी, संस्थेची माणसं सगळी तिकडे. प्रत्यक्ष वापर १ ऑगस्टपासून, म्हणजे नव्या बिलाच्या पहिल्या दिवसापासून.

आज रात्रीच्या निर्यातीचं काम उरकलं. फायरस्टोअरची स्वतःची निर्यात आहे, पण ती कागदामागे एक रीड घेते आणि त्यातून निघणारी फाइल सचिवांना उघडता येणार नाही. आम्ही पत्रकंच वाचतो, वीस संस्थांची दिवसाची चाळीस. त्यातून प्रत्येक संस्थेची सीएसव्ही फाइल बनते आणि त्यांच्या मेलवर जाते. आप्पांनी ती एक्सेलमध्ये उघडून दाखवली. उद्या आम्ही नसलो, गुगल नसलं, तरी हे राहील.

क्लाउड फंक्शनसाठी पैसे भरायची योजना घ्यावीच लागते, मोफत कोटा त्यातही मिळतो. बजेटची सूचना लावली आहे. सूचना नुसती कळवते, खर्च थांबवत नाही. म्हणून ती दोघांच्याही फोनवर येते.

११ ऑगस्ट

१ ते १० तारखेचं पहिलं बिल. वही आणि ॲप दोन्ही समांतर चालवले होते. आप्पा वहीतून वाचत होते, मी पडद्यावरून.

एका उत्पादकाचा आकडा जुळेना. ॲपमध्ये ६ तारखेच्या संध्याकाळी त्यांच्या दोन नोंदी, लिटर आणि फॅट सारखेच. एक पुतण्याच्या फोनवरून, दुसरी आप्पांच्या. पावतीचा कागद संपला होता, तेव्हा दुसऱ्या फोनवरून पुन्हा काढली होती. सत्र बंद करताना पडद्याने दोन्ही दाखवल्या होत्या, पण त्या वेळी "नंतर बघू" म्हणून पुढे गेले होते. आप्पांनी दुरुस्तीचा कागद केला: "दुसरी नोंद रद्द, पावतीसाठी पुन्हा काढलेली." नाव, वेळ, कारण. दोन्ही जुन्या नोंदी जागेवर, बिल बरोबर.

उत्पादक स्वतः तिथे होते. त्यांना पडदा दाखवला, त्यांनी वाचला आणि "लिवलंय की सगळं," एवढं बोलून बिलावर सही केली. त्यांना सगळं दिसलं, याचं मला मनापासून समाधान आहे.

उशिराच्या शिक्क्याच्या नोंदी ४ तारखेच्या सकाळी आल्या होत्या, लाइट गेली तेव्हाच्या. सगळ्या वहीशी जुळल्या.

२१ ऑगस्ट

दुसरं बिलही जुळलं. आता उत्पादकांसाठीच्या ॲपची मागणी आहे: स्वतःच्या दहा दिवसांच्या नोंदी फोनवर बघता याव्यात. योग्य मागणी आहे, पण खर्चाचा हिशेब इथे पुन्हा बदलतो. ४,४०० उत्पादक, प्रत्येकाने दिवसातून एकदा आपल्या वीस नोंदी बघितल्या तर ८८,००० रीड. प्रत्येकाचं दहा दिवसांचं एक पान ठेवलं तर ४,४०० रीड, पण मग प्रत्येक सत्रात प्रत्येकाच्या पानावर लिहावं लागेल, म्हणजे आणखी ८,८०० राइट. मूळच्या नोंदी आणि हे मिळून १७,६०० च्या वर. २०,००० च्या कोट्यात बसतं, पण दुरुस्त्या आणि पुढच्या संस्था धरल्या तर बसणार नाही. त्यापुढे पैसे लागतील. लागू देत, पण किती आणि ते कोण भरणार हे संस्थांशी आधी बोलून. माझं मत पानाच्या बाजूने आहे, कारण बघणारे जास्त आणि लिहिणारे कमी.

पुढच्या चार संस्था १ सप्टेंबरपासून घ्यायच्या. बिलाच्या पहिल्या दिवशीच, मधून कुठूनही नाही, नाहीतर अर्धं बिल वहीत आणि अर्धं ॲपमध्ये होईल. त्याआधी प्रत्येक संस्थेत दोन फोन, एक छापणी यंत्र आणि विमान मोडवर केलेलं एक पूर्ण सत्र.